गाडी तापते, ते कूलंट भरतात, आणि आता म्हणे वॉरंटी रद्द

प्रश्न : आम्ही जुळे सोलापुरात राहतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं छोटं युनिट आहे. मागच्याच्या मागच्या दिवाळी पाडव्याला पेट्रोल गाडी घेतली, साडेअकरा लाखांची, मिसेसच्या नावावर. वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर. पहिला उन्हाळा बरा गेला. यंदा मार्चपासून पुण्याला निघालो की टेंभुर्णीच्या अलीकडेपलीकडे टेंपरेचरचा लाल दिवा लागतो. पाच वेळा वर्कशॉपला दिली. कूलंट भरतात आणि ‘झालं साहेब’ म्हणून चावी हातात देतात. मे महिन्यात मोहोळजवळ बॉनेटमधून वाफा निघायला लागल्या. गाडी थांबवली, गार होऊ दिली, ढाब्यावरून दोन बाटल्या पाणी घेऊन भरलं आणि हळूहळू घरी आणली. आता म्हणतात हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या झाकणाखालची सील) गेलंय, हेड म्हणजे ते झाकणच वाकलंय, सव्वा लाखाचं एस्टिमेट. इंजिन अजून उघडलेलं नाही म्हणतात. तुम्ही बाहेरचं पाणी टाकलं, सबब वॉरंटी रद्द. कंपनीला फोन केला की डीलरशी बोला, डीलरला विचारलं की कंपनीनं नाकारलं. अॅडव्हायझर हळूच म्हणतो, इन्शुरन्समध्ये बसवून देतो. गाडी त्यांच्याच आवारात आहे, नेली नाही तर पार्किंग लावू अशी धमकी. मेहुणे म्हणतात, गाडीला गाढवं जुंपून सात रस्ता चौकापर्यंत मिरवणूक काढू. मला नवी गाडी मागता येईल का? जॉबकार्डांचे (वर्कशॉपच्या कामाच्या नोंदपत्रांचे) फोटो सोबत पाठवतोय.
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर :

आधी एक काम उरका, बाकीचं नंतर वाचा. डीलरच्या सर्व्हिस मॅनेजरला आणि कंपनीच्या कस्टमर केअरला एकच मेल टाका, दोघांना एकत्र, वहिनींच्या मेलवरून, कारण गाडी त्यांच्या नावावर आहे. मजकूर एवढाच : आमच्या लेखी संमतीशिवाय आणि आमच्या गैरहजेरीत इंजिन उघडू नये, कुठलाही भाग काढू नये, गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड पुसू नयेत. हेड एकदा काढलं, घासून परत बसवलं, जुनं गॅस्केट भंगारात गेलं, की दोष कुणाचा हे सांगणारा पुरावाच संपला. ते म्हणतील, तपासायचं तर उघडावंच लागेल. उघडा म्हणावं, पण कंपनीचा इंजिनिअर हजर असताना, तुमच्यासमोर, व्हिडिओ काढून, आणि काढलेला प्रत्येक भाग पिशवीत सील करून दोघांच्या सहीनिशी.

आणि त्याच मेलमध्ये एक साधा प्रश्न विचारा. हेड वाकलंय हे ठरवायला ते इंजिनवरून काढावं लागतं, सपाट पट्टी ठेवून फटीत फीलर गेज (पातळ मापपट्टी) घालून मोजावं लागतं. इंजिन उघडलंच नसेल तर हेड वाकल्याचं कळलं कसं? म्हणजे एक तर न विचारता उघडलंय, नाही तर सव्वा लाखाचं एस्टिमेट अंदाजानं दिलंय. दोन्हीपैकी काहीही असलं तरी उत्तर त्यांना अवघड जाईल.

आता तुमची जॉबकार्डं. फोटो मोठे करून नीट वाचली आणि खरं सांगायचं तर तुमच्या केसचा कमकुवतपणाही तिथंच आहे आणि ताकदही. पाच कार्डांपैकी एकाच कार्डावर ‘ओव्हरहीट’ हा शब्द आहे. पहिल्यावर ‘ग्राहकाची तक्रार’ या रकान्यात ‘कूलंट टॉप-अप’ लिहिलंय, जणू तुम्ही कूलंट भरून घ्यायलाच गेला होतात. दुसऱ्यावर ‘जनरल चेकअप’. तिसऱ्यावर ‘वॉशिंग’ आणि खाली बारीक अक्षरात थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंटला वाट देणारी झडप) बदलल्याची नोंद. तुम्ही काउंटरवर घसा फोडून सांगितलं असेल, पण अॅडव्हायझरनं टॅबवर एक पर्याय निवडला, तुम्ही बोटानं सही केली आणि तुमची तक्रार तिथंच विरघळली. उद्या त्यांचा वकील म्हणेल, इंजिन तापण्याची तक्रार एकदाच आली, ती आम्ही दूर केली.

पण चौथं कार्ड बघा. त्यावर ‘रोड टेस्ट केली, काही दोष आढळला नाही’ असा शेरा आहे. त्याच कार्डावर गाडी आत आली तेव्हाचं किलोमीटर ३१,४१२ आणि बाहेर गेली तेव्हाचं ३१,४१३. जी गाडी हायवेला, एसी लावून, ऐंशी किलोमीटर गेल्यावर तापते, ती यांनी फाटकातून बाहेर काढली, वळवली आणि आत घेतली. एका किलोमीटरात इंजिन धड गरमसुद्धा होत नाही. हे कार्ड लॅमिनेट करून ठेवा म्हणणार होतो, पण नको, मूळ प्रत जशी आहे तशी ठेवा आणि झेरॉक्स वापरा. ‘सेवेतील त्रुटी’ म्हणून कायद्यात जे म्हटलंय, ते सिद्ध करायला त्यांच्याच हातचा यापेक्षा चांगला कागद मिळणार नाही.

थोडं गाडीबद्दल, कारण त्यांनी तुम्हाला पाण्यावरून घाबरवलंय. गाडी सिग्नलला, गर्दीत तापते आणि हायवेला गार राहते, तेव्हा शहाणा मेकॅनिक आधी रेडिएटरचा पंखा बघतो, कारण हायवेला पुढून वारा आपोआप लागतो. तुमची उलटी केस आहे. वेगात, भार पडल्यावर तापते. मग पाण्याचा पंप नीट फिरतोय का, रेडिएटर चोंदलाय का, थर्मोस्टॅट पूर्ण उघडतोय का, हे बघायचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, कूलंट जातंय कुठं. कूलंट ही पेट्रोलसारखी वापरून संपणारी गोष्ट नाही. ते बंद यंत्रणेत फिरत असतं. तीन महिन्यांत पुन्हा पुन्हा भरावं लागत असेल तर ते एक तर बाहेर गळतंय किंवा इंजिनच्या आत जातंय, तिसरी वाट नाही. गळती शोधायला प्रेशर टेस्ट असते : टाकीला हातपंप लावून दाब द्यायचा आणि तो टिकतो का बघायचं. हेड गॅस्केटचा संशय असेल तर कूलंटमध्ये इंजिनचा वायू शिरतोय का हे रंग बदलणाऱ्या रसायनानं तपासता येतं. ही दोन्ही कामं इंजिन न उघडता होतात. तुमच्या पाचही कार्डांवर यातली एकही तपासणी नाही. प्रत्येक वेळी नुसतं भरून दिलं. घरात गळका नळ आहे आणि प्लंबर येऊन दर वेळी फक्त टाकी भरून जातो, त्यातला प्रकार.

म्हणून पाण्याच्या मुद्द्यावर बचावात जाऊ नका. क्रम सांगा. ताप मार्चमध्ये सुरू झाला, पाणी मे महिन्यात पडलं. साधं पाणी सतत वापरलं तर आत गंज धरतो, क्षार जमतात, आणि आपल्याकडच्या बोअरचं पाणी तर किटली पांढरी करतं, हे सगळं खरं. पण एकदा, रस्त्यात अडकल्यावर, गार झालेल्या इंजिनात भरलेल्या दोन बाटल्यांनी पस्तीस किलोमीटरमध्ये हेड वाकलं, हे त्यांनी सिद्ध करून दाखवावं. वॉरंटी नाकारणाऱ्यानं कारण आणि परिणाम जोडून दाखवायला हवा. त्यांना लेखी विचारा : वॉरंटी पुस्तिकेतल्या कोणत्या कलमाखाली नाकारलंत, कोणत्या तपासणीवरून, आणि कंपनीचा नकार कुठाय? मला शंका आहे की कंपनीकडे क्लेम गेलेलाच नाही. अॅडव्हायझर तोंडी ‘कंपनीनं नाकारलं’ म्हणतो तेव्हा निम्म्या वेळा त्याचा अर्थ ‘आम्ही पाठवलाच नाही’ असा असतो. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये इंजिन तापल्यावर काय करावं याचं पानही उघडून बघा. तिथं आणीबाणीत पाणी चालेल असं छापलेलं असेल तर त्या पानाची झेरॉक्स पहिल्या नंबरला लावा.

एक मात्र त्यांच्या बाजूनं विचारलं जाईल : लाल दिवा लागल्यावर गाडी किती लांब हाकलली? याचं खरं उत्तर तयार ठेवा. लगेच थांबला असाल तर त्या दिवशीचे फोन, फोटो, सोबत कोण होतं, सगळं टिपून ठेवा. पाणी भरल्यावर पुन्हा दिवा लागला होता का, हेही आताच लिहून काढा, पुढं आठवत नाही.

बाहेर हात लावला म्हणून सरसकट वॉरंटी रद्द, या भाषेबद्दल आणखी एक. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगानं सुट्या भागांच्या प्रकरणात १४ कार कंपन्यांना २,५४४ कोटींहून जास्त दंड लावला होता. त्याच आदेशात, केवळ बाहेरच्या गॅरेजात काम करून घेतलं एवढ्यावर वॉरंटी सरसकट रद्द होईल अशी अट घालू नका, असंही बजावलं होतं. बाहेरच्या चुकीच्या कामामुळेच बिघाड झाला असेल तर गोष्ट वेगळी. प्रकरण पुढे अपिलात गेलं, त्यामुळे एवढ्या एकाच आदेशावर विसंबू नका, पण तुमच्या अर्जात त्याचा उल्लेख शोभेल. तुम्ही तर गॅरेजातसुद्धा गेला नव्हतात.

नवी गाडी मागता येईल का? मागता येईल. मिळेल का, हा निराळा प्रश्न, आणि इथं मी तुमचा थोडा हिरमोड करणार आहे. अमेरिकेत राज्याराज्यांत ‘लेमन लॉ’ आहेत, ठरावीक वेळा दुरुस्ती फसली की गाडी परत घ्यावी लागते. आपल्याकडे तसा कायदा नाही. मारुती उद्योगच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली स्पष्ट म्हटलं की वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचं वचन आहे, तेव्हा अख्खी गाडी बदलून द्या म्हणता येणार नाही. ‘उत्पादनातला दोष’ हा शब्द अर्जात लिहिणं सोपं आहे, सिद्ध करायला तज्ज्ञाचा अहवाल लागतो. नुसती नवी गाडी मागून बसलेले आणि हातात काहीच न पडलेले अर्जदार मी बरेच पाहिलेत. त्यामुळे मागणी दोन पायऱ्यांत लिहा. मुख्य मागणी : कंपनीनं विनामूल्य हेड, गरज पडल्यास पूर्ण इंजिन बदलून द्यावं, त्या कामावर लेखी वाढीव वॉरंटी द्यावी, गाडी बंद होती त्या काळातला भाड्याच्या गाडीचा खर्च, मनस्ताप आणि खटल्याचा खर्च द्यावा. पर्यायी मागणी : तज्ज्ञानं दुरुस्त न होणारा मूळ दोष आहे असं म्हटलं तर गाडी बदलून द्यावी किंवा पैसे परत करावेत. भाड्याच्या गाडीची बिलं घेताय ना? ‘ओळखीच्याची इनोव्हा होती, रोख दिले’ याला कागदावर किंमत शून्य.

कंपनी आणि डीलर तुम्हाला चेंडूसारखे टोलवतायत, तेव्हा दोघांनाही पक्षकार करा, पण आरोपांची सरमिसळ नको. टाटा मोटर्सच्या गोव्यातल्या एका प्रकरणात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की डीलरनं केलेल्या लबाडीला, कंपनीला त्याची माहिती होती हे दाखवल्याशिवाय, कंपनी आपोआप जबाबदार ठरत नाही. त्यामुळे कंपनीविरुद्ध : सदोष गाडी, वॉरंटीचं वचन मोडलं. डीलरविरुद्ध : वारंवार निष्काळजी दुरुस्ती, चुकीच्या नोंदी, खोटी रोड टेस्ट. आणि म्हणूनच आजपासून प्रत्येक मेल कंपनीलाही जायला हवा, म्हणजे ‘आम्हाला ठाऊकच नव्हतं’ ही पळवाट बंद. फोनवर आवाज चढवून काही साधत नाही, ती ताकद टाइप करण्यात घाला.

मेलमध्ये हेही मागा : गाडीची संपूर्ण सर्व्हिस हिस्टरी, जी त्यांच्या सिस्टिममधून प्रिंट निघते, आणि स्कॅनरचा अहवाल. इंजिनच्या कॉम्प्युटरला दोष नोंदवावासा वाटला असेल तर त्या क्षणाचा वेग, तापमान असे आकडेही त्यात साठलेले असू शकतात. यापुढे कुठंही गाडी दिलीत तर सही करण्याआधी तक्रारीचा रकाना वाचा आणि तुमच्या शब्दांत लिहून घ्या : पुणे रोडला सुमारे ऐंशी किलोमीटर गेल्यावर, एसी चालू असताना लाल दिवा लागतो, कूलंट कमी होतं, हीच तक्रार मार्चपासून, आधीचे जॉबकार्ड क्रमांक अमुक. त्यांच्या टॅबमध्ये जागा नसेल तर प्रिंटवर पेनानं लिहा.

इन्शुरन्सचं अजिबात ऐकू नका. यांत्रिक बिघाड अपघात म्हणून दाखवायचा म्हणजे खोटा क्लेम, आणि फॉर्मवर सही त्या अॅडव्हायझरची नसते, वहिनींची असते. शिवाय ‘रस्त्यात काहीतरी आदळलं’ असं एकदा लिहून दिलंत की वॉरंटीची केस तिथंच संपली. कर्ज असेल तर हप्ते थांबवू नका, बँकेचा या भांडणाशी संबंध नाही, सिबिल तुमचा बिघडेल. गाढवांचं म्हणाल तर मेहुण्यांचा उत्साह दांडगा आहे, फोटो छान येतील आणि डीलरचा वकील तेच फोटो बदनामीच्या नोटिशीला जोडेल. गाढवांची उन्हात काय चूक? ऑनलाइन रिव्ह्यू लिहायचा तर तारखा आणि कार्डावरच्या नोंदी लिहा, ‘चोर’, ‘लुटारू’ हे शब्द गाळा.

पार्किंगची धमकी बहुतेक पोकळ आहे, पण दुर्लक्ष करू नका. मेलनं कळवा की वॉरंटीचा वाद मिटलेला नाही, गाडी दुरुस्तीविना चालवण्याजोगी नाही असं तुम्हीच म्हणता, तेव्हा पार्किंगची जबाबदारी आमची नाही. घरी आणावीशीच वाटली तर टोइंग करून आणा, चालवत नाही. बाहेर काढताना समाधानपत्रावर सही मागतील. त्यावर ‘तक्रार कायम, निषेध नोंदवून ताबा घेत आहे’ असं लिहूनच सही करा. गाडीवाचून धंदा अडलाय आणि सव्वा लाख भरूनच सोडवायची वेळ आली, तर तेही निषेध नोंदवून भरता येतं आणि नंतर परतफेड मागता येते. फक्त जुने भाग ताब्यात घ्या. हेड जड असतं, गाडीत न्यायला माणूस घेऊन जा.

आता पुढची वाट. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मराठीत बोलता येतं, आणि तक्रार थेट कंपनीकडे जाते. बऱ्याच कंपन्या या टप्प्यावर हलतात, कारण तिथं उत्तर देणारा माणूस तुमच्या डीलरच्या काउंटरवर बसलेला नसतो. सोबत स्पीड पोस्टानं दोघांना नोटीस द्या. नोटीस दिलीच पाहिजे असं कायदा म्हणत नाही, पण पंधरा दिवसांची मुदत देऊन पाठवलेली नोटीस पुढं उपयोगी पडते. तरीही काही झालं नाही तर सोलापूर जिल्हा ग्राहक आयोग. मालाची दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात चालते. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आणखी एक सोय केली : तुम्ही जिथं राहता तिथं तक्रार करता येते, त्यामुळे कंपनीचं मुख्यालय कुठंही असो, तिच्या वकिलाला सोलापूरला यावं लागेल. तुमच्या किमतीच्या गटाला फी ४०० रुपये. तक्रार ऑनलाइनही दाखल होते. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं, तेव्हा घाई नाही, पण शिळं होऊ देऊ नका. वकील बंधनकारक नाही. मात्र तुमच्या केसमध्ये तांत्रिक पुरावा आहे, तेव्हा घ्यावा असं मी म्हणेन.

तक्रारदार वहिनीच असू द्या. मालकाच्या संमतीनं गाडी वापरणाराही कायद्यात ग्राहक धरला जातो, पण उगाच वादाला जागा कशाला? युनिटच्या कामाला गाडी वापरता हे लपवू नका. ‘व्यापारी कारणासाठी घेतली, म्हणून ग्राहक नाही’ हा बचाव ते घेतीलच. गाडी घरच्या नावावर आहे, घरच्यांसाठी घेतली आहे, पोरांच्या शाळेपासून पंढरपूरपर्यंत तीच जाते, हे शपथपत्रात साधेपणानं लिहा. फर्मच्या नावावर घेऊन घसारा दाखवला असता तर ही लढाई आणखी अवघड झाली असती.

आयोगात पहिला अर्ज तज्ज्ञाकडून तपासणीचा द्या. चाचणीशिवाय दोष कळत नसेल तर आयोग योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, त्याची फी आधी तुम्हाला भरायला सांगू शकतो. गाड्यांच्या तक्रारींत इंजिनिअरिंग कॉलेजातले मेकॅनिकलचे प्राध्यापक, आरटीओचे मोटार वाहन निरीक्षक यांचे अहवाल मागवले जातात. तोवर गाडीत फेरफार होऊ नये म्हणून अंतरिम आदेशही मागता येतो. कायद्यात निकालाची मुदत तीन महिने, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात याहून बराच वेळ जातो, तेवढी मनाची तयारी ठेवा.

या दरम्यान, बहुधा नोटीस गेल्यावर किंवा पहिल्या तारखेआधी, फोन येईल. आवाज गोड असेल. ‘गुडविल म्हणून पन्नास टक्के आम्ही सोसतो, साहेब.’ आयोगातर्फे मध्यस्थीचीही सोय आहे, आणि तडजोडीला माझा विरोध नाही. वर्षभर तारखा करण्यापेक्षा चालती गाडी केव्हाही बरी. पण अर्धे पैसे हा मधला आकडा का म्हणून मान्य करायचा? सुटे भाग आणि मजुरी पूर्ण माफ, यावर अडून राहा. भाड्याच्या गाडीच्या खर्चावर हवं तर थोडं सोडा. काम झाल्यावर आधी रोड टेस्ट : कंपनीचा माणूस शेजारी बसवून, एसी लावून, भर दुपारी टेंभुर्णीपर्यंत आणि परत, जाताना-येतानाचं किलोमीटर कार्डावर लिहून. आणि वाढीव वॉरंटीचं पत्र कंपनीच्या लेटरहेडवर हवं, डीलरच्या नको, त्यात हेड, गॅस्केट, रेडिएटर, पंप अशी भागांची नावं, तारीख आणि किलोमीटर स्पष्ट हवेत. ती नोंद कंपनीच्या सिस्टिममध्ये चढली का, हे दुसऱ्या एखाद्या अधिकृत वर्कशॉपला गाडीचा नंबर सांगून तपासा, मगच तक्रार मागे घेण्याच्या कागदावर वहिनींची सही होऊ द्या.